कार्डांवर टीप मारायला मिनी शिलाई मशीन: मोटर राहू दे, चाक चांगलंय

आधी निकाल सांगून टाकते, मग बाकीचं. ते बॅटरीवर चालणारं छोटं प्लास्टिकचं मिनी शिलाई मशीन असतं ना, टेबलाच्या कोपऱ्यात मावणारं, ते कापडासाठी मला पटलेलं नाही पण कागदी कार्डांसाठी ठेवून घेतलंय, आणि गंमत म्हणजे ज्या मोटरसाठी आपण पैसे मोजतो ती मी जवळपास वापरतच नाही. उजव्या बाजूचं चाक हाताने फिरवते. एक चक्कर, एक टाका. कागदाला नेमकं हेच लागतं.

ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण दिसायला सेम अशी मशीन कितीतरी नावांनी मिळतात, तुम्हाला मिळेल त्याचं लेबल वेगळंच असेल. फक्त घेताना एक बघा, खाली बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, आहे ना. स्टेपलरसारखं दिसणारं, एका हातात धरून चालवायचं जे येतं ते हे नव्हे. त्यात एकच दोरा असतो आणि तो साखळी टाका घालतो, म्हणजे शेवटचं टोक नीट अडकवलं नाही आणि कोणी ओढलं की सगळी टीप सरसर उसवून हातात येते. कार्ड उघडणाऱ्या माणसाला लोंबता दोरा दिसला की तो ओढणारच, हे गृहीत धरायचं. बॉबिनवाल्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकतो त्यामुळे तसं होत नाही.

आता मोटर का नको. कापडात सुई गेली की धागे बाजूला सरकतात आणि सुई बाहेर आली की बरेचसे जागेवर येतात. कागदात तसं काही नाही, भोक पडलं की पडलं. टीप वाकडी गेली, उसवून परत मारू म्हणालात तर दोरा निघतो पण भोकांची रांग तशीच राहते आणि दुसरी टीप तिच्या शेजारून गेली की मधला कागद कमजोर होतो. माझ्या मशीनला दोन स्पीड आहेत, हाय आणि लो, आणि लो सुद्धा कार्डाच्या मानाने फास्टच आहे. पेडल म्हणजे नुसतं ऑन-ऑफ, कमी दाबलं तर हळू असं काही नाही. कोपरा जवळ आला की दोन टाके आधीच थांबायचं म्हटलं तरी ते आपल्या मर्जीने थांबतं, आणि थांबल्यावर सुई वर आहे का खाली हे पण त्याच्याच मर्जीवर. कोपरा वळवायला सुई कागदात खाली रुतलेली पाहिजे, मग फूट (कागद वरून दाबून धरणारा पाय) उचलायचं, कार्ड फिरवायचं, फूट खाली, पुढे चालू. चाकाने हे सगळं आरामात होतं. चाक मात्र कायम आपल्याकडेच फिरवायचं, उलटं फिरवलं की खाली दोऱ्याचा गुंता झालाच समजा.

टाक्याची लांबी हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि इथे हे स्वस्तातलं मशीन उलट सुटसुटीत पडतं. यात लांबी बदलायची सोयच नाही, टाका फिक्स आहे, आणि तो कापडासाठी जरा लांब वाटणारा असल्यामुळे कागदाला बरोबर बसतो. मोठ्या मशीनवर करत असाल तर लांबी 3 ते 4 मिमीवर ठेवा. हिशोब सोपा आहे. सुईच्या पाकिटावर 90/14 असं लिहिलेलं असतं त्यातला 90 म्हणजे सुईची जाडी, 0.9 मिमी. टाका 1.5 मिमीचा ठेवला तर दोन भोकांच्या मधे कागद उरतो फक्त 0.6 मिमी, म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची कड झाली ती, कार्ड वाकवलं की बरोबर टिपेवर फाटणार. तोच टाका 3 मिमीचा केला आणि 70/10 सुई लावली तर मधे 2.3 मिमी कागद राहतो. केवढा फरक! झिगझॅग पण म्हणूनच जपून. वापरायचाच तर लांबी वाढवून उघडा-उघडा ठेवा, सॅटिनसारखा दाट, टाक्याला टाका लागून घातला तर मधली पट्टीच सुटून येते.

सुईबद्दल. मशीनबरोबर आलेल्या सुया मी काढून ठेवल्या, त्या काय साइजच्या आहेत हे पाकिटावर लिहिलेलंच नाही. तुमच्या मशीनला बसणाऱ्या सुया आधी बघून घ्या, कारण सगळ्या मशीनला सगळ्या सुया लागत नाहीत. मिळाली तर मायक्रोटेक्स किंवा शार्प म्हणून येते ती घ्या, टोक बारीक आणि तीक्ष्ण असतं, भोक स्वच्छ पडतं. टीशर्टच्या कापडासाठीची बॉलपॉइंट सुई अजिबात नको, तिचं टोक गोलसर असतं म्हणून ती कागद आधी ढकलते आणि मग फोडते, मागे कागदाच्या छोट्या छोट्या टेकड्या उभ्या राहतात. साधारण कार्डाला 80/12 पुरते. आणि कागदाची सुई वेगळी ठेवायची. गुळगुळीत कागदात चकाकी आणि पांढरेपणासाठी चिकणमाती किंवा चुनखडीची पूड घातलेली असते, ती सुईचं टोक झिजवते. तीच सुई मग रेशमी कापडाला लावली तर धागा ओढला गेलाच. मी डबीवर मार्करने "कागद" लिहून ठेवलंय, तरी घरात कोणीतरी विचारतंच की ही सुई घेऊ का.

बोथट झालेली सुई पण टाकू नका. दोरा न लावता तशीच चालवली की भोकांची मस्त रांग पडते, कूपनसारखा फाडून घ्यायचा भाग किंवा नुसतं डिझाइन म्हणून. हा माझ्या मते या मशीनचा सगळ्यात भारी उपयोग आहे आणि खोक्यावर त्याचा उल्लेखच नाही.

हॅन्डमेड पेपरवर हे कसं चालतं हे बघायला मी घेतलं होतं, त्यामुळे त्याबद्दल जरा जास्त लिहिते. कापसाच्या चिंध्यांपासून केलेला जाडसर हातकागद टिपेला फार छान धरतो. त्याचे तंतू लांब असतात आणि सगळ्या दिशांना पसरलेले असतात, म्हणून भोकाच्या रांगेतून सहज फाटत नाही. मशीनवर बनलेल्या कागदाला एक ठरावीक दिशा असते, तंतू बरेचसे एकाच बाजूने झोपलेले, आणि त्या दिशेला समांतर टीप मारली तर ती जागा जास्त नाजूक होते. ओळखायचं कसं, तर कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वाकतो तिथे वाकण्याची घडी ज्या रेषेत येते ती त्याची दिशा. जपानी वाशी किंवा नेपाळी लोकता कागद असला तर प्रश्नच नाही, पातळ असून चिवट, फक्त पातळ असल्यामुळे तो एकटा दात्यांवर (फूटखाली कागद पुढे ढकलणाऱ्या पट्ट्या) नीट सरकत नाही, खाली कार्डशीटचा तुकडा लागतो.

हातकागदाची अडचण दुसरीच. तो मऊ असतो आणि जाडी सगळीकडे सारखी नसते. मशीनचे खालचे दाते त्याच्या पाठीवर ठसे उमटवतात, बारीक रेघांची एक पट्टीच, आणि या मशीनला फूटचा दाब कमी करायची सोय नाही. उपाय असा की खाली पातळ ट्रेसिंग पेपर किंवा टिश्यू ठेवायचा, दोन्ही एकत्र शिवायचं आणि मग खालचा हळूच फाडून काढायचा. दात्यांचे ठसे त्याच्यावर, कार्ड स्वच्छ. फुलांच्या पाकळ्या घातलेला कागद असेल तर टीप पाकळीच्या देठावरून जाणार नाही असं बघा, देठाशी सुई अडते आणि टाका सुटतो.

आता टेन्शन, म्हणजे दोरा किती ताणलेला राहतो ते. वर एक छोटा डायल आहे, त्यावर आकडे नाहीत, फिरवला तर नक्की किती फिरला कळत नाही. कागदाला वरचा दोरा कापडापेक्षा थोडा सैल लागतो, घट्ट असला तर खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसतो आणि कागद गोळा व्हायला लागतो. मी शेवटी डायलवर नेलपेंटचा ठिपका लावला, कागदाची जागा तेवढी पक्की केली. दोन्हीकडे एकाच रंगाचा दोरा लावलात तर डायल थोडा चुकला तरी कळत नाही, ही आपली पळवाट. दोरा साधा पॉलिस्टर बेस्ट. चमकी दोरा लावायचा असेल तर मोठ्या नेढ्याची सुई लागते, नाहीतर त्याचा पत्रा सोलून निघतो आणि सुईच्या वर लोकरीसारखं काहीतरी जमा होतं.

सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे ओढून बोटाने धरा, दोन-तीन टाके होईपर्यंत सोडू नका. अगदी कडेपासून सुरू करू नका, कड सुईखालच्या प्लेटच्या भोकात खेचली जाते. आणि शेवटी मागेपुढे करून टीप पक्की करायची कापडावरची सवय इथे विसरा, तेवढ्याच भागात दुप्पट भोकं पडतात. टोकं लांब सोडा, वरचा दोरा हाताच्या सुईने मागे घ्या, गाठ मारा किंवा नुसती टेप लावा. मी टेपच लावते, गाठीचा फुगवटा समोरून दिसतो.

अजून एक गोष्ट, दुमडलेलं पूर्ण कार्ड मशीनखाली घालू नका. या मशीनची सुई आणि खांब यामधली जागा इतकी कमी आहे की उघडलेलं मोठं कार्ड मधोमध शिवायचं म्हटलं तरी ते गुंडाळावं लागतं आणि घडी मोडते. वरचा वेगळा थर शिवा, मग तो कार्डावर चिकटवा, मागचे टाके, टेप, गाठी सगळं झाकलं जातं आणि आत लिहायची जागा पण स्वच्छ. ए6 साइजच्या कार्डाचा वरचा थर आरामात फिरतो. चिकटवणं मात्र शिवल्यावर. आधी डबल टेप लावून त्यातून सुई घातली की गम सुईला चिकटतो, टाके सुटायला लागतात आणि माणूस मशीनला शिव्या देतो. गम लागलाच तर कापसावर थोडं स्पिरिट घेऊन सुई पुसा.

बॅटरीचं सांगायचं तर चार पेन्सिल सेल लागतात आणि जाड कार्डाला ते लवकर दमतात, मोटर घुर्र करते आणि सुई अर्ध्यात अडकते. 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) एक थर चाकाने जातो, दोन थर मी सांगणार नाही. अ‍ॅडॉप्टर आला होता, तो ठीक आहे. आवाज मात्र एवढा आहे की रात्री सगळे झोपल्यावर कार्ड करायचं असेल तर परत चाकच.

मग हातानेच का शिवू नये, असं कोणीही विचारेल. शिवा ना, गोल, अक्षरं, वेलबुट्टी हे सगळं मी हातानेच करते, मशीनवर ते नादाला लागण्यासारखं नाही. हातशिलाईला आधी भोकं पाडून घ्यावी लागतात. डिझाइन ट्रेसिंग पेपरवर काढा, कार्डावर ठेवा, खाली फोमचा तुकडा किंवा जुना माऊसपॅड, आणि टाचणीने किंवा टोच्याने समोरच्या बाजूने सरळ उभं टोचा. समोरून टोचलं की कागदाचा उंचवटा मागे जातो. 4-5 मिमी अंतर पुरे, वळणावर थोडं कमी. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्या, सगळे सहा घातले तर भोकं फाकतात. धावदोरा घालत शेवटपर्यंत जायचं आणि त्याच भोकांतून रिकाम्या जागा भरत परत यायचं, म्हणजे नवीन भोक एकही न पाडता समोरून सलग रेघ मिळते आणि पाठ पण दाखवण्यासारखी राहते. उलटी टीप पण चालते, पण तिच्यात मागे दोरा जास्त जातो.

सरळ चौकट, खिशाच्या तीन बाजू, एकसारखी पंधरा-वीस कार्डं करायची असतील तर मशीन. एखादंच खास कार्ड असेल तर हात. घरात जुनं हाताच्या चाकाचं काळं लोखंडी मशीन पडलेलं असेल तर हे मिनी अजिबात घेऊ नका, त्यात टाक्याची लांबी बदलता येते, जाड कार्ड लोण्यासारखं जातं, फक्त ते उचलायला दोन माणसं लागतात. ज्यांच्याकडे ते नाही आणि जागा पण नाही त्यांच्यासाठी पाचपैकी तीन, त्यातला एक स्टार एकट्या चाकाचा. पेडल आल्यापासून ड्रॉवरमधे आहे, कोणाला हवं असेल तर सांगा. आणि काम झालं की सुईखालची प्लेट उघडून ब्रशने कागदाचा भुगा काढा, फुंकर मारू नका, तो भुगा अजून आत बॉबिनखाली जाऊन बसतो.