दहा गिगाहर्ट्झचा स्वस्तातला सिग्नल जनरेटर: ४३५१, २८७०, ५३५५ का नुसता एचबी१००?

परवा एक पोरगा आला, हॅम (हौशी) रेडिओचं व्हीयू३ कॉलसाइन नवीनच मिळालेला, म्हणाला काका मायक्रोवेव्हचा जनरेटर करायचाय, एकदाच खर्च करतो आणि सरळ एडीएफ५३५५ चिपचा बोर्ड मागवतो. त्याला म्हटलं थांब जरा, आधी चहा घे. मग जे तासभर बोललो तेच इथे टाकतोय, कारण हा प्रश्न दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच.

पहिल्यांदा बघा तुम्हाला तो लागतोय कशाला. आपल्याकडे बहुतेकांना क्यूओ-१०० ऐकायचाय, २०१८ च्या नोव्हेंबरात वर गेलेल्या एस-हेल-२ वरचा हॅम ट्रान्सपाँडर, म्हणजे वर आलेला सिग्नल दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत खाली पाठवणारा. तो २५.९ अंश पूर्वेला आहे, म्हणजे कोल्हापुरातून डिश साधारण २५५-२५६ अंशाला, पश्चिमेपासून थोडी दक्षिणेकडे, आणि क्षितिजापासून ३२ अंश वर, समोर एखादी उंच बिल्डिंग नसली की झालं. नॅरोबँडचं अपलिंक (वर जाणारं) २४०० मेगाहर्ट्झला आणि डाउनलिंक (खाली येणारं) १०४८९.५ ते १०४९० ला. म्हणजे खरं तर दोनच जागी सिग्नल पाहिजे, २.४ ला आणि १०.४९ ला. बाकी मधल्या सगळ्या गिगाहर्ट्झचे पैसे कशाला मोजायचे?

सगळ्यात स्वस्त एचबी१००, दाराजवळ हालचाल ओळखायला वापरतात तो डॉपलर मॉड्यूल. काहीशे रुपयांत मिळतो, ५ व्होल्ट दिले की १०.५२५ गिगाहर्ट्झ सुरू, प्रोग्रॅमिंग नाही काही नाही. एलएनबी, म्हणजे डिशपुढचा फ्रिक्वेन्सी खाली आणणारा डबा, त्यातला ऑसिलेटर (एलओ) ९७५० चा असेल तर तो ७७५ मेगाहर्ट्झला दिसतो, आरटीएल-एसडीआरवर (संगणकाला लावायच्या स्वस्त रिसीव्हरवर) आरामात. पण आतला ऑसिलेटर डायइलेक्ट्रिक रेझोनेटरचा, त्याला कशाचं लॉक नाही, नुसती फुंकर मारली तरी सिग्नल स्क्रीनवर चालायला लागतो. आणि १०.५२५ हे हॅम बँडच्या बाहेर येतं, आपला बँड १०.५ ला संपतो, त्यामुळे हा टेबलावरच ठेवायचा. एलएनबी जिवंत आहे का मेला एवढंच बघायचं असेल तर मात्र यापुढे काही घेऊच नका.

एडीएफ४३५१, हवी ती फ्रिक्वेन्सी तयार करणारी चिप, सगळ्यांकडे असतो. व्हीसीओ (आतला ऑसिलेटर) २२०० ते ४४००, खाली ६४ पर्यंत भागाकार, म्हणून ३५ मेगाहर्ट्झ ते ४.४ गिगाहर्ट्झ, आउटपुट -४ ते +५ डीबीएम. २४०० सरळ मिळतं. दहाला मात्र तिसरा हार्मोनिक, म्हणजे सोबत येणारा तिप्पट फ्रिक्वेन्सीचा सिग्नल, घ्यायचा, ३४९६.६ लावलं की १०४८९.८ ला सिग्नल. या चिपचा तिसरा हार्मोनिक चांगला जोरात असतो त्यामुळे चालतं, फक्त तिप्पट केलं की फेज नॉइज (सिग्नलभोवतीची खरखर) साडेनऊ डीबीने वाढतो हे धरून चला. रजिस्टर (चिपच्या सेटिंगचे कप्पे) सहा, लिहायचे उलटे, आर५ पासून आर० पर्यंत. आणि ही ३.३ व्होल्टची चिप आहे हो, अर्डुइनो उनोच्या ५ व्होल्टच्या पिना थेट जोडू नका, मध्ये रेझिस्टरचा डिव्हायडर टाका.

मॅक्स२८७० त्याचाच चुलतभाऊ, रजिस्टर पण सहाच, भाव जवळपास तोच, पण व्हीसीओ ३ ते ६ गिगाहर्ट्झ. म्हणजे ५२४४.८७५ लावा आणि दुप्पट घ्या, बरोब्बर १०४८९.७५. आता म्हणाल दुसरा हार्मोनिक कमजोर असतो. असू दे की, समोर ५०-६० डीबी गेनचा एलएनबी बसलाय, त्याला तेवढं पण डोईजड होतं.

माझा कल इकडे आहे तो एका वेगळ्याच कारणाने. खिडक्यांच्या कामाला लागतो तो एक इंच बाय अर्धा इंच अॅल्युमिनियम सेक्शन बघितलाय ना? दीड मिलीमीटर जाडीचा घेतला तर आतली रुंदी २२ मिलीमीटर पडते, म्हणजे हा फुकटातला वेव्हगाइडच (मायक्रोवेव्ह वाहून नेणारी पोकळ नळी), ६.८ गिगाहर्ट्झच्या खालचं काही पुढे जाऊ देत नाही. ५.२४५ चा मूळ सिग्नल त्यात सेंटीमीटरला सात-आठ डीबीने मरतो, पाच-सहा सेंटीमीटरात संपला विषय, आणि १०.४९ मात्र सुखाने बाहेर. ४३५१ ला हाच सेक्शन लावला तर ३.५ मरतं पण त्याचं दुप्पट ६.९९ कटऑफच्या (त्या ६.८ च्या) जरा वर आहे, ते थोडंफार निसटतंच. एका बाजूला एसएमए कनेक्टरची पिन आत सोडायची, मागचं तोंड पत्र्याने बंद करून पिनेपासून साडेनऊ मिलीमीटरवर, मग जरा पुढेमागे सरकवून जोर बघायचा. पुढचं तोंड उघडंच ठेवून एलएनबीकडे करायचं.

आता ५३५५. बी आउटपुटवर ६.८ ते १३.६ गिगाहर्ट्झ थेट, हार्मोनिकची भानगड नाही, काम लै भारी करतो. पण रजिस्टर तेरा, सप्लाय दोन, गरम होतो, आणि किंमत वरच्या दोघांच्या कित्येक पट. ज्याला १० गिगाहर्ट्झचा ट्रान्सव्हर्टर (साध्या रेडिओला त्या बँडवर नेणारा) बांधायचाय, लोकल ऑसिलेटर म्हणून, त्याने जरूर घ्यावा. ऐकायला आणि टेस्टिंगला घेतलात तर पैसे चुकीच्या जागी गेले.

कारण खरी बोंब वेगळीच असते. एक पीपीएम (दहा लाखात एक) चूक म्हणजे १०.४९ ला साडेदहा किलोहर्ट्झ. बोर्डावरचा स्वस्त २५ मेगाहर्ट्झचा रेफरन्स ऑसिलेटर दहा पीपीएम जरी चुकला तरी शंभर किलोहर्ट्झच्या वर फरक, आणि अख्खा ट्रान्सपाँडर पाचशेचा. तो ऑसिलेटर काढून अर्ध्या पीपीएमचा टीसीएक्सओ (तापमानाने फारसा न सरकणारा ऑसिलेटर) बसवा, वाचलेले पैसे तिथे घाला. चूक मोजायला उपग्रहच वापरायचा: मधला बीकन (खुणेचा सिग्नल) १०४८९.७५० ला असतो, २८७० वर ५२४४.८८५ लावा म्हणजे तुमचा सिग्नल त्याच्या २० किलोहर्ट्झ वर दिसायला पाहिजे. २१ वर दिसला तर तुमचा रेफरन्स ०.१ पीपीएमच्या आसपास चुकतोय. दोन्ही सिग्नल एकाच एलएनबीतून येतात, त्यामुळे एलएनबी किती का सरकेना, फरक तोच राहतो.

दुसरं म्हणजे डबा. मी पहिल्यांदा उघडाच बोर्ड टेबलावर ठेवून अटेन्युएटरवर अटेन्युएटर लावत बसलेलो, सिग्नल काही कमीच होईना, शेवटी वैतागून केबलच काढली तर तेवढाच! बोर्ड स्वतःच सगळ्या खोलीत बोंबलत होता. मग उद्यमनगरात, इथल्या औद्योगिक वसाहतीत, अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून डबा कोरून घेतला, झाकणाला जवळजवळ स्क्रू, सप्लायची वायर फीडथ्रू कपॅसिटरमधून. मशीनवाला विचारत होता पंपाचा पार्ट आहे का म्हणून. आणि यूएसबी चार्जरवर चालवू नका, साधा ट्रान्सफॉर्मर आणि लिनियर रेग्युलेटर, नाहीतर सिग्नलच्या दोन्ही बाजूंना चार्जरची पोरंबाळं दिसतात.

पोराने शेवटी २८७० आणि टीसीएक्सओ मागवला. सेक्शन आणायला गेला तर दुकानदार सहा इंचाचा तुकडा देईना, अख्खी बारा फुटीच घे म्हणाला. उरलेली साडेअकरा फूट माझ्या गॅलरीत उभी आहे, ज्याला पाहिजे त्याने करवत घेऊन यावं.