एसपी फ्लॅश टूल: परभणीतील एका दुरुस्ती दुकानाचा चार वर्षांचा अनुभव

परभणीत बसस्थानकाजवळ माझे मोबाइल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. दुकानात येणाऱ्या फोनांमध्ये दहा-बारा हजारांच्या आतले फोन सर्वांत जास्त असतात, आणि त्यांपैकी बऱ्याच फोनांत तैवानच्या मीडियाटेक कंपनीची चिप असते. असा फोन लोगोवर अडकला, सारखा बंद-चालू होऊ लागला किंवा अपडेट घेताना मध्येच बंद पडला, की गिऱ्हाईक तो काउंटरवर ठेवते आणि म्हणते, "दादा, सॉफ्टवेअर मारून द्या." हे सॉफ्टवेअर मी गेली चार वर्षे ज्या साधनाने मारतो, ते म्हणजे एसपी फ्लॅश टूल, म्हणजे मीडियाटेक चिपच्या फोनात संगणकावरून सॉफ्टवेअर पुन्हा लिहिणारा प्रोग्राम. नव्याने दुकान टाकणाऱ्याला ते उपयोगी आहे का, असे मला अनेकदा विचारले जाते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या साधनाला पैसे पडत नाहीत, डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची चावी) लागत नाही आणि खरे पाहता ते इन्स्टॉलही करावे लागत नाही. झिप फाइल उघडायची आणि आतला प्रोग्राम चालू करायचा. खरी मेहनत असते ती ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला फोन ओळखायला लावणारा छोटा प्रोग्राम, बसवण्याची. मीडियाटेकचा व्हीकॉम ड्रायव्हर विंडोज १० किंवा ११ वर सहसा सरळ बसत नाही, कारण जुन्या ड्रायव्हरवर विंडोजला मान्य असलेली डिजिटल सही नसते. त्यासाठी शिफ्ट दाबून संगणक रीस्टार्ट करायचा, स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन ७ क्रमांकाची कळ दाबायची आणि सही तपासण्याची सक्ती तेवढ्यापुरती काढून मगच ड्रायव्हर टाकायचा. मला पहिल्या वेळी हे माहीत नव्हते, म्हणून एक अख्खा रविवार त्यात गेला.

ड्रायव्हर बसला की नाही, हे ओळखण्याची खूण सांगतो. डिव्हाइस मॅनेजरची खिडकी उघडी ठेवावी, फोन पूर्ण बंद करावा आणि केबल जोडावी. ‘पोर्ट्स’ या नावाखाली मीडियाटेकची एक ओळ दोन-तीन सेकंद उमटते आणि नाहीशी होते; त्याबरोबर संगणकाचा जोडल्याचा आणि लगेच तुटल्याचा आवाज येतो. नवशिके हा आवाज ऐकून घाबरतात आणि केबल काढतात. वास्तविक तो आवाज नेहमीचाच आहे, आणि ती ओळ पिवळ्या खुणेशिवाय उमटली तर ड्रायव्हर नीट बसला असे समजावे. फोन त्या दोन-तीन सेकंदांतच संगणकाशी बोलायला तयार असतो, म्हणून आधी टूलमध्ये ‘डाउनलोड’चे बटण दाबायचे आणि नंतर केबल जोडायची, हा क्रम कधीही उलटा करू नये. पिवळ्या त्रिकोणी खुणेसह ओळ दिसली तर ड्रायव्हर अपुरा आहे असे समजावे, आणि काहीच दिसले नाही तर सर्वांत आधी केबल बदलावी. बाजारात पन्नास रुपयांना मिळणाऱ्या कित्येक केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतात. त्यांनी फोन फक्त चार्ज होतो.

पुढचे काम दिसायला सोपे आहे. त्या मॉडेलची स्टॉक फाइल, म्हणजे कंपनीचे मूळ सॉफ्टवेअर, घ्यायची आणि तिच्यातली स्कॅटर फाइल टूलमध्ये लोड करायची. फोनच्या मेमरीत कोणता भाग कोणत्या पत्त्यावर लिहायचा याचा हा नकाशाच असतो. नव्या चिपसाठी टूलची सहावी आवृत्ती लागते आणि तिच्यात स्कॅटरऐवजी एक्सएमएल फाइल द्यावी लागते, म्हणून मी पाचवी आणि सहावी अशा दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. काम सुरू झाले की खाली आधी लाल पट्टी धावते, मग पिवळी पट्टी हळूहळू भरत जाते, आणि शेवटी हिरवी बरोबरची खूण असलेली छोटी खिडकी उघडते. ती खिडकी उघडेपर्यंत मी गिऱ्हाइकाशी बोलतसुद्धा नाही.

या साधनाचा सर्वांत मोठा धोका वरच्या छोट्या यादीत दडलेला आहे. तिथे ‘डाउनलोड ओन्ली’, ‘फर्मवेअर अपग्रेड’ आणि ‘फॉरमॅट ऑल प्लस डाउनलोड’ असे तीन पर्याय असतात. पहिल्याच पावसाळ्यात जिंतूर तालुक्यातून एक शेतकरी मामा लोगोवर अडकलेला फोन घेऊन आले. सोयाबीनची ई-पीक पाहणी करायची राहिली होती आणि मुदत जवळ आली होती. मी मनाशी म्हटले की सगळेच साफ करून नव्याने टाकावे, आणि तिसरा पर्याय निवडला. फोन झकास सुरू झाला. सिम टाकले तर नेटवर्क नाही. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून पाहिले तर आयएमईआयच्या, म्हणजे फोनच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाच्या, जागी काहीच नव्हते. त्या पर्यायाने मेमरीतला एनव्हीरॅम नावाचा भागही पुसला जातो, आणि आयएमईआय व नेटवर्कची मोजमापे त्याच भागात असतात. चूक पूर्णपणे माझी होती. मामांनी पाहणी शेजाऱ्याच्या मोबाइलवरून उरकली, मी फोन कंपनीच्या अधिकृत केंद्रात पाठवला आणि तिथला खर्च माझ्या खिशातून दिला.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. फोन संगणकाला दिसत असेल तर काहीही लिहिण्याआधी ‘रीडबॅक’ या टॅबमधून एनव्हीरॅमची प्रत काढून घेतो. त्यासाठी स्कॅटर फाइल नोटपॅडमध्ये उघडून एनव्हीरॅमच्या नावाखालचा सुरुवातीचा पत्ता आणि लांबी हे दोन आकडे टूलमध्ये भरावे लागतात; काम किचकट वाटते, पण पाच मिनिटांचे आहे. दुसरी गोष्ट अशी की ‘डाउनलोड ओन्ली’ सोडून दुसरा पर्याय मी सहसा वापरत नाही, आणि फाइल त्याच फोनची असल्याची पक्की खात्री नसेल तर टूलमधल्या भागांच्या यादीतून प्रीलोडरची (फोन सुरू होताना आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) टिक काढून टाकतो, कारण चुकीचा प्रीलोडर बसला की लोगोपर्यंत येणारा फोनसुद्धा डेड होतो.

"फोटो तेवढे राहू द्या, बाकी काय बी जाऊ द्या," असे म्हणणारी गिऱ्हाइके रोज येतात. त्याच यादीतली यूजरडेटाची, म्हणजे गिऱ्हाइकाचे फोटो-फाइली असलेल्या भागाची, टिक काढून फाइल मारली तर पुष्कळदा फोटो टिकतात, मात्र मी तशी हमी देत नाही. हल्लीच्या फोनांत हा डेटा एन्क्रिप्ट केलेला (सांकेतिक कुलपात बंद) असतो, त्यामुळे एकदा तो पुसला गेला की कोणत्याही रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत येत नाही, हे मी फोन हातात घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगतो.

आयएमईआय उडालेल्या फोनात तो पुन्हा लिहून देणारी साधने इंटरनेटवर सहज मिळतात, आणि शेजारचा दुकानदार ते करून देतो असे सांगणारी मंडळीही भेटतात. मी ते काम घेत नाही. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार आयएमईआयशी छेडछाड केल्यास ३ वर्षांपर्यंत कारावास आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तीनशे रुपयांच्या मजुरीसाठी एवढी जोखीम घेण्यात काही अर्थ नाही. जुना फोन कोणी दुरुस्तीला आणला आणि मालकीविषयी शंका आली, तर मी केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय तपासतो. जी-मेलचे कुलूप काढून मागणाऱ्याकडे खरेदीचे बिल मागतो. बिलाचे नाव काढताच काही जण चहा पिऊन येतो म्हणून जातात, ते परत येत नाहीत.

टूलचे गुण सांगताना एक प्रसंग नोंदवतो. मृगाच्या वादळात ऐन पिवळी पट्टी निम्म्यावर असताना वीज गेली, यूपीएसची थकलेली बॅटरी अर्धा मिनिटही टिकली नाही आणि फोन दगडासारखा झाला. तरीही तो वाचला. मीडियाटेकच्या चिपमध्ये बूट रॉम नावाचा एक छोटा प्रोग्राम कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो, तो बाहेरून पुसता येत नाही. त्यामुळे आवाजाची कळ दाबून केबल जोडली की मेलेला फोनही संगणकाला दिसतो आणि फाइल पुन्हा मारता येते. आता मी हे काम बॅटरी चांगली असलेल्या लॅपटॉपवरच करतो.

त्रुटीही सांगितल्या पाहिजेत. चूक झाली की टूल जो संदेश देते, तो माणसाला समजेल असा नसतो. ४०३२ क्रमांकाची चूक आली तर याचा अर्थ फोनची रॅम सुरू होऊ शकली नाही एवढाच; फाइल दुसऱ्या मॉडेलची आहे की मेमरीची चिपच गेली आहे, हे तुम्ही अनुभवाने ठरवायचे. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. अलीकडच्या अनेक फोनांमध्ये कंपनीने सही केलेली ऑथ फाइल, म्हणजे परवानगीची फाइल, दिल्याशिवाय चिप टूलला दाद देत नाही, आणि ती फाइल आमच्यासारख्यांना मिळत नाही. तिथे वर्गणी भरून चालणारी साधने घ्यावी लागतात. ती फुकटात देणाऱ्या ‘क्रॅक’ फाइलींच्या वाटेला जाऊ नये. अशी एक फाइल मी उघडली होती आणि त्यानंतर लॅपटॉपची विंडोज नव्याने टाकावी लागली.

मी स्वतः एका सशुल्क साधनाची वर्षाची वर्गणी भरली होती, ती पुढच्या महिन्यात संपते. वहीत मोजून पाहिले तेव्हा तिच्यावर केलेल्या कामांतून वर्गणी जेमतेम निघाल्याचे दिसले, आणि दिवाळीनंतर कापसाचे पैसे हातात आले की नव्या फोनांचे काम वाढते, म्हणून नूतनीकरण करणार आहे. जुन्या फोनांसाठी मात्र एसपी फ्लॅश टूलच चालू राहील. लॅपटॉपच्या पडद्याखाली मी लाल शाईने ‘फॉरमॅट ऑल नको’ अशी पट्टी चिकटवली आहे. दुकानात शिकायला आलेला मुलगा तिच्यावर हसतो, आणि मी त्याला जिंतूरच्या मामांची हकिकत सांगतो.