द आउटर वर्ल्ड्स: काही महिने खेळल्यानंतर

ऑब्सिडियन कंपनीचा हा व्हिडिओ गेम २०१९ चा. १९९७ च्या मूळ ‘फॉलआउट’वाले टिम केन आणि लेनर्ड बोयार्स्की याचे दिग्दर्शक. मी तो संपवून पुन्हा पहिल्यापासून खेळतोय, आणि दुसऱ्या खेपेलाही जीव गुंतला तो एजवॉटरमध्येच.

गेम घडतो ती अंतराळातली हॅल्सियन ही अख्खी वसाहतच कंपन्यांच्या मालकीची आहे. एजवॉटर म्हणजे मासे डबाबंद करणारं, स्पेसर्स चॉइस या कंपनीचं गाव. तिथं कबरी खणणारा सायलस तुम्हाला कामगारांकडे कबरीच्या जागेचं भाडं वसूल करायला पाठवतो. माणसं धडधाकट आहेत, कामावर जातायत आणि स्वतःच्या कबरीचे पैसे भरतायत! साथ पसरलेली आहे, औषध कमी पडतंय, आणि ते आधी मिळतं ज्याचं काम चांगलं त्याला. गावातल्या ॲडलेडच्या मुलाला ते नाकारलं गेलं, तो गेला, आणि ती काही लोकांसह गाव सोडून बाहेर भाज्या पिकवू लागली.

आता वीज एकाच ठिकाणी देता येते: गावाला किंवा ॲडलेडच्या लोकांना. गावचा प्रमुख रीड टॉबसन लबाड असता तर निर्णय सोपा होता. पण त्याचा कंपनीच्या नियमांवर मनापासून विश्वास आहे. तुमच्याबरोबर फिरणारी साथीदार पार्वती गावात मागे राहणाऱ्यांचा विचार करायला लावते. थोडं खणलंत तर रीडला पायउतार करून ॲडलेडला गावात परत आणायचा मार्गही सापडतो. याच्याइतकं चांगलं लिखाण मला फार कमी गेममध्ये भेटलंय.

पार्वतीची आणि तिला आवडणाऱ्या जुनलेईची गोष्ट अजिबात चुकवू नका. पहिल्या भेटीच्या तयारीसाठी ग्रह पालथे घालायला लागतात, पण ती धावपळ गोड आहे.

लढाई ठीकठाक. वेळ मंदावून नेम धरता येतो, पण बंदुका लवकरच सारख्या वाटायला लागतात. माझी खरी तक्रार बायझँटियमबद्दल आहे. श्रीमंतांचं शहर म्हणून वाट बघावी, तर तिथं करण्यासारखं फारच थोडं. वसाहत चालवणाऱ्या कंपन्यांच्या बोर्डाची बाजूही एजवॉटरसारखी उलगडत नाही.

पहिल्या खेपेला सुपरनोव्हा ही सगळ्यात कठीण पातळी घेऊ नका. त्यात खाणंपिणं, झोप सांभाळावी लागते आणि मेलेला साथीदार परत येत नाही. संवादांची कौशल्यं मात्र सुरुवातीपासून वाढवा. जोडभागांपैकी एकच घ्यायचा असेल तर २०२१ चा ‘मर्डर ऑन एरिडॅनोस’ घ्या, आणि तो मुख्य कथा संपवायच्या आधी खेळा. शेवटच्या मोहिमेनंतर मागे येता येत नाही.