दुकाने खाली, बिऱ्हाडे वर : नवी पेठेतील एका नूतनीकरणाविषयी अभिप्राय

सोलापूरच्या नवी पेठेतील आमच्या वडिलोपार्जित दुमजली इमारतीत खाली कापडाची दुकाने आणि वर गाठींचे गोदाम अशी अनेक वर्षांची व्यवस्था होती. गोदामाची गरज संपल्यावर वरच्या मजल्यावर चार राहती बिऱ्हाडे करण्याचे काम आम्ही शहरातील एका वास्तुविशारद कार्यालयाकडे सोपवले. सांगाड्याच्या कामाला मी मनापासून दाद देतो. पाण्याच्या नियोजनाला मात्र जेमतेम काठावर पास म्हणावे लागेल.

सोलापुरात जुन्या इमारतीचे जतन म्हटले की अप्पासाहेब वारदांनी बांधलेल्या इंद्रभुवन या जुन्या वास्तूची नक्षी डोळ्यांसमोर येते. परंतु बाजारातल्या इमारतीचे खरे दुखणे दर्शनी भागात नसून माळवदात, म्हणजे मातीच्या सपाट छतात, आणि तुळयांत असते. आमच्या माळवदावर सुमारे फूटभर माती होती. एवढ्या थराचे वजन दर चौरस मीटरला ४५० ते ५०० किलोच्या घरात जाते, तर राहत्या खोलीत माणसे आणि सामान यांचा म्हणून धरला जाणारा भार साधारण २०० किलो असतो. ही माती उतरवून वर हलके छत घातल्याशिवाय आत एकही भिंत उभारायची नाही, असे वास्तुविशारदांनी पहिल्याच बैठकीत बजावले आणि घाई करणाऱ्या आमच्या घरच्यांपुढेही ते नमले नाहीत.

तुळयांची तपासणी पाहण्यासारखी होती. तुळई भिंतीत शिरते तिथला गिलावा फोडून मिस्त्री हातोडीने ठोके देई आणि मग टोकात दाभण खुपसून पाही. मधले सागवान खणखणीत निघाले, पण पन्हाळीकडच्या काही टोकांत दाभण मुठीपर्यंत आत गेले. अख्ख्या तुळया बदलण्याचा खर्च आमच्या गळ्यात न मारता त्यांनी कुजका भाग कापून दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल लावले आणि आरपार बोल्ट आवळले. दगडी भिंतींवर पूर्वी कोणीतरी थापलेले सिमेंटही खरवडून काढले. सिमेंटच्या थरामुळे ओल बाहेर न पडता भिंतीतच वर चढत होती. त्याजागी चुन्याचा गिलावा केला. तो वाळायला लागणारा वेळ भाडेकरू शोधणाऱ्या मालकाला नकोसा वाटतो, हेही सांगितले पाहिजे.

खाली कापडाचा साठा आणि वर झोपलेली माणसे हा प्रकार जोखमीचा असल्याने दुकानांच्या छताला जिप्समचे आगरोधक अस्तर दिले आहे आणि जिना दुकानातून न काढता बोळातून स्वतंत्र काढला आहे. जुना कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचे छत, झाकला गेल्याची हळहळ मला अजून वाटते, पण निर्णय योग्यच होता. न्हाणीघरे बोळाच्या बाजूला एका रांगेत घेऊन नळ भिंतींबाहेरून नेल्यामुळे उद्या गळती झाली तरी दुकानातल्या साड्यांवर पाणी टपकणार नाही. दिवाळीच्या आणि लगीनसराईच्या हंगामात तोडफोड बंद ठेवण्याचा शब्दही त्यांनी पाळला, त्यामुळे जुन्या दुकानदारांशी आमचे संबंध शाबूत राहिले.

आता तक्रार. या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, हे इथे राहणाऱ्या कोणाला सांगावे लागत नाही. प्रत्येक बिऱ्हाडात चार माणसे आणि माणशी रोजचे १३५ लिटर हे सरकारी मान धरले, तर १६ माणसांना पाच दिवसांसाठी १०,८०० लिटर पाणी लागते. एवढे, म्हणजे जवळजवळ ११ टन, पाणी जुन्या भिंतींवर चढवता येत नाही हे मान्य. म्हणूनच मोठा हौद मागच्या अंगणात हवा होता. नकाशात मात्र ५,००० लिटरचाच हौद दाखवलेला होता आणि विचारणा केल्यावर ‘टँकर मागवता येईल’ असे उत्तर मिळाले. बोळात टँकर शिरत नाही. ज्यांनी तुळईच्या टोकापर्यंत हिशेब केला, त्यांच्याकडून ही हयगय अपेक्षित नव्हती. वाहनतळाची अडचण आहेच, पण नवी पेठेत तिचा दोष एका कार्यालयाला देता येत नाही.

दुसऱ्या हौदाचे खोदकाम आता त्यांनी वाढीव शुल्क न घेता मान्य केले आहे. तो बांधून, पाणी भरून, गळती तपासून होईपर्यंत अखेरच्या देयकाचा हप्ता आम्ही रोखून ठेवला आहे. असे काम देणाऱ्यांनी करारातच हौदाची क्षमता लिटरमध्ये लिहून घ्यावी.