चार खेपा, नऊ रात्री: इथाकाजवळच्या ट्रीमन स्टेट पार्कातलं कॅम्पिंग

गेल्या मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान आम्ही एकाच पार्कात चार वेळा तंबू ठोकला. मिळून नऊ रात्री झाल्या. ओळखीचे लोक विचारतात, "दर वेळी तिथेच काय? अख्खी अमेरिका पडलीये की!" प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

पार्कचं नाव रॉबर्ट एच. ट्रीमन स्टेट पार्क. न्यूयॉर्क राज्यात, इथाका गावापासून दक्षिणेला पाचेक मैलांवर. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडीने चार-साडेचार तास, त्यात पोरांसाठी दोनदा थांबणं धरलेलं आहे. अमेरिकेच्या मानाने पार्क चिमुकलंच, जेमतेम अकराशे एकर. पण या अकराशे एकरांत एक घळ आहे, घळीत बारा धबधबे आहेत आणि ते बघायला उन्हाळ्यातल्या शनिवारी अर्धं न्यूयॉर्क आणि पाऊण जर्सी लोटते. इथाका गावच घळींसाठी प्रसिद्ध. तिथल्या टी-शर्टांवरही त्यावरूनच केलेली कोटी छापलेली असते, 'इथाका इज गॉर्जेस' (गॉर्ज म्हणजे घळ, आणि ऐकायला 'गॉर्जस', म्हणजे सुंदर). धाकट्याला ती समजावून सांगण्यात माझा एक अख्खा एक्झिट चुकला.

आधी बुकिंगचं सांगते, कारण तिथेच बरेच जण अडकतात. न्यूयॉर्कच्या स्टेट पार्कांचं बुकिंग साधारण नऊ महिने आधी उघडतं. जुलैतला शनिवार हवा असेल तर आदल्या ऑक्टोबरात जागं व्हायला हवं. आम्ही एप्रिलमध्ये जागे झालो आणि मिळेल ते घेतलं. मग कळलं की रविवार ते गुरुवार या रात्री पुष्कळ मोकळ्या असतात आणि कोणी रद्द केलेल्या जागाही अधूनमधून दिसतात. आमच्या चारांपैकी तीन खेपा अशाच आडवारी झाल्या. ज्यांना सुट्टी टाकता येते त्यांनी डोळे झाकून मंगळवार-बुधवार धरावा.

पहिली खेप मेच्या शेवटी. मी घरामागच्या तोडलेल्या झाडाची लाकडं डिकीत भरत होते, तेवढ्यात शेजाऱ्याने अडवलं. बाहेरच्या राज्यातलं साधं सरपण न्यूयॉर्कमध्ये न्यायला बंदी आहे आणि राज्यातल्या राज्यातही पन्नास मैलांच्या पलीकडे हलवता येत नाही. लाकडातून किडे प्रवास करतात आणि नव्या जंगलाला लागतात, हे त्यामागचं कारण. भट्टीत तापवून किडे मारलेलं, तसा शिक्का असलेलं लाकूड चालतं. तेव्हापासून आम्ही तिथेच रस्त्याकडेला मोळ्या घेतो. एका रात्रीला दोन मोळ्या लागतात. ओली निघाली तर तीन, आणि डोळ्यांत धूर फुकट.

त्या खेपेला तंबू गळला. दोष कंपनीचा म्हणून मी महिनाभर सांगत फिरले, पण खरं काय ते आता कबूल करते. वरच्या पावसाळी कापडाच्या दोऱ्या आम्ही ओढून बांधल्याच नव्हत्या. कापड सैल पडून आतल्या जाळीला चिकटलं आणि जिथे चिकटलं तिथून पाणी टिपटिप आत आलं. शिवाय तंबू लावला होता साइटवरच्या सगळ्यात सपाट, सगळ्यात गुळगुळीत जागी. ती जागा गुळगुळीत का, तर दर पावसाचं पाणी तिथेच साचतं म्हणून. पहाटे तीनला नवरा हवेची गादी हाताने दाबून म्हणाला, "अगं, ही हलतेय." गादी तरंगत होती. कोकणातली मुलगी मी, पागोळ्या कुठे पडतात हे बघून अंगणात वाळवण घालणाऱ्या घरात वाढले, आणि इथे सरळ डबक्यात झोपले. दुसऱ्या खेपेपासून पोचल्यावर आधी जमीन बघायची. वाळलेली पानं, काटक्या कुठल्या रेषेत जमल्यात ते बघितलं की पाण्याची वाट कळते. त्या वाटेपासून चार पावलं वर तंबू. तंबूखाली घालायचं मेणकापड तंबूपेक्षा वीतभर लहान हवं. बाहेर डोकावलं की तेच पन्हाळीचं काम करतं.

रॅकूनचा प्रसंगही त्याच खेपेचा. रात्री बाकावर शंकरपाळ्यांचा डबा राहिला, झाकण घट्ट लावलेला. सकाळी डबा उघडा, झाकण बाजूला व्यवस्थित ठेवलेलं, आत एक शंकरपाळी. आमच्या घरी डबा पूर्ण संपवणाऱ्याने तो घासायचा असा नियम आहे. त्या प्राण्यालाही तो माहीत असावा. खाण्याचं सगळं, अगदी दंतमंजनसुद्धा, रात्री गाडीत.

आता ज्याच्यासाठी जायचं त्याबद्दल. कॅम्पची जागा पार्कच्या खालच्या टोकाला आहे. तिथून घळीतली पायवाट निघते आणि सव्वादोन मैल चढत वरच्या टोकाला जाते. वाटेत ल्युसिफर फॉल्स लागतो, ११५ फुटांचा, पार्कातला सगळ्यात मोठा. दिवसा इथाकाहून येणारे गाडीने वरच्या टोकाला जातात, धबधबा बघतात, फोटो काढतात. अकरानंतर त्या अरुंद पायऱ्यांवर गणपतीच्या रांगेसारखी गर्दी असते. पण कॅम्पमधून सहाला निघालं तर घळ रिकामी मिळते. नऊ रात्रींपैकी पाच सकाळी आम्हाला ल्युसिफरपाशी एकही माणूस भेटला नाही. कॅम्पिंगचे पैसे मी त्या सकाळींचे मोजते. झोप तशीही कुणाला नीट लागत नाही.

घळीची रचना नीट बघितली तर वेळ जातो. खडक शेल नावाचा, पापुद्र्यांचा, मध्येमध्ये वालुकाश्माचे थर, पस्तीस-अडतीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाचा गाळ. हिमयुगात बर्फाने इथाकाची मुख्य दरी खरवडून खोल केली आणि बाजूचे ओढे वर लटकत राहिले. मग ते ओढे खाली उड्या मारत खडक कापत गेले. या खडकात एकमेकींना जवळजवळ काटकोनात छेदणाऱ्या उभ्या भेगा आहेत, त्यामुळे भिंती ओळंब्यात बांधल्यासारख्या सरळ आणि ओढ्याचा तळ फरशी घातल्यासारखा. सह्याद्रीचा काळा कातळ बघायची सवय असलेल्या डोळ्यांना हे आधी कुणीतरी बांधलेलंच वाटतं. आणि गंमत म्हणजे अर्धं खरंच बांधलेलं आहे. पायऱ्या, कठडे, पूल सगळे त्याच खडकाचे. कुठे ओढ्याचं काम संपतं आणि कुठे गवंड्याचं सुरू होतं ते हात लावल्याशिवाय कळत नाही.

ऑगस्टच्या खेपेला आई बरोबर होती, देवरुखहून सहा महिन्यांसाठी आलेली. वय ६९, गुडघे तक्रार करणारे, साडीवर पांढरे स्पोर्ट्स शूज. तिला खालून चढवणं शक्य नव्हतं, म्हणून तिच्यासाठी गाडी वरच्या टोकाला लावली. तिथे जुनी पाणचक्कीची गिरणी आहे, ती बघूनच ती खूश. तिथून खाली ल्युसिफरपर्यंत उतार आहे. ऑगस्टात ओढ्याचं पाणी रोडावतं हे मी तिला सांगायला विसरले होते. कठड्याला टेकून तिने बघितलं आणि म्हणाली, "एवढंच पाणी? आमच्या मार्लेश्वराला ये श्रावणात." मग नावाचा अर्थ विचारला. मी सैतान म्हटल्यावर, "शी! वाहत्या पाण्याला असलं नाव कोण ठेवतं?"

पाण्याकडे पाठ करून ती मग कठड्याच्या दगडांवरून हात फिरवायला लागली. आजोबा चिऱ्याची घरं बांधायचे, तिचा हात तिथेच जाणार. "हे कोणी केलं गं?" तेव्हा मी तिला माहीत होतं ते सांगितलं. १९२० साली रॉबर्ट ट्रीमन आणि त्यांच्या बायकोने, लॉराने, ही घळ राज्याला देऊन टाकली. पुढे मंदीत लाखो पोरांना काम नव्हतं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने १९३३ मध्ये त्यांना जंगलांत आणि पार्कांत काम देणारं सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर काढलं. त्यातल्या पोरांची छावणी इथेच होती. १९३५ च्या जुलैत या भागात भयानक पूर आला, घळीतल्या वाटा वाहून गेल्या, त्या या पोरांनी पुन्हा बांधल्या. महिन्याला ३० डॉलर पगार, त्यातले साधारण २५ थेट घरी जायचे.

"म्हणजे मनिऑर्डर," आई म्हणाली.

एवढं बोलून ती पुढच्या पायरीवर जपून उतरली. माझे काका गिरणीत होते मुंबईला. आमच्या घराचा पुढचा सोपा त्या मनिऑर्डरींवर उभा आहे. त्या दिवशी ती प्रत्येक वळणावर थांबून दगड बघत होती, धबधबा नाही. परत वर येताना पलीकडच्या बाजूने दोनशेहून जास्त पायऱ्यांचा एक जिना आहे, तो आम्ही टाळला आणि आल्या वाटेने सावकाश परतलो. गुडघे दुखणाऱ्यांनी तेच करावं.

जुलैची खेप शुक्रवार-शनिवारची होती आणि चारांतली सगळ्यात वाईट. कॅम्पच्या शेजारीच खालच्या धबधब्याच्या पायथ्याला पोहायचं कुंड आहे, वर उडी मारायची फळी, लाइफगार्ड, पाणी असं गार की पहिल्या उडीला श्वास अडकतो. पोरं महिनाभर त्याच्यावरच डोळा ठेवून होती. शुक्रवारी रात्री वादळ झालं आणि सकाळी कुंड चहासारखं झालं. पाणी गढूळ किंवा जोरात असलं की पोहणं बंद, आणि घळीत इतर कुठेही पाण्यात उतरायला मनाईच आहे. लेकीने तोंड फुगवलं ते दुपारपर्यंत. शेवटी सगळ्यांना गाडीत कोंबून अर्ध्या तासावरच्या टॉगॅनक फॉल्सला नेलं. तो २१५ फूट, नायगारापेक्षा ३३ फूट उंच, आणि पायथ्यापर्यंत पाऊण मैल सपाट वाट. आईला तिथे न्यायला हवं होतं हे नंतर सुचलं. तर पोरांना पोहायचंच असेल तर किमान तीन रात्रींचं बुकिंग करा. त्यातला एक दिवस तरी पाणी निवळतं.

त्याच शनिवारी शेजारच्या साइटवर बारा-चौदा जणांचा गट होता. दहानंतर शांतता पाळायची असते, तशी त्यांनी पावणेअकरापासून पाळली.

ऑक्टोबरबद्दल थोडक्यात. मेपल लाल-पिवळे, गर्दी ओसरलेली, रात्री फॅरनहाइट ३४. छोट्या हिरव्या सिलेंडरची शेगडी थंडीत मान टाकते. ज्योत निळी दिसते पण चहाला पाऊण तास लागतो. रात्री सिलेंडर स्लीपिंग बॅगशेजारी गुंडाळून ठेवला, सकाळी बरा चालला. थंडी जमिनीतून येते, वरून नाही, म्हणून गादीखाली फोमची चटई आणि दोन गोधड्या. आईने जाताना एक गोधडी मुद्दाम मागे ठेवली होती. तीनशे डॉलरच्या स्लीपिंग बॅगेला जे जमलं नाही ते जुन्या साड्यांच्या त्या गोधडीने केलं.

त्या खेपेलाच घळीतल्या हेमलॉक या सूचिपर्णी झाडाची एक फांदी उलटी करून बघितली. पानांच्या बुडाशी पांढऱ्या कापसाचे बारीक बारीक गोळे. आधी वाटलं हिम. तो जपानहून आलेला मावा जातीचा किडा निघाला, झाडाचा रस शोषून काही वर्षांत झाड मारतो. घळीत भर दुपारी जो ओला गारवा असतो तो या झाडांच्या सावलीचा. सरपणाचा नियम मी त्यानंतर कधी किरकिर न करता पाळला.

स्वयंपाकाचं विचाराल तर घरी कांदा चिरून, वाटण करून नेलं तरच मजा आहे. पहिल्या खेपेला मी पावभाजीचा घाट घातला होता आणि अंधारात, डोक्यावर टॉर्च बांधून, मॅशरऐवजी ग्लासाने बटाटे ठेचत बसले. आता पिठलं आणि घरून नेलेल्या भाकरी, सकाळी पोहे, दुपारी थालीपीठ. पोळ्या लाटायच्या फंदात पडू नका. आणि रोज संध्याकाळी पोरांचे पाय, गुडघ्यामागची घडी, कानामागे गोचीड आहे का बघायचं. चार खेपांत दोन सापडल्या, दोन्ही गवतात खेळल्यावर.

हिवाळ्यात घळीतली वाट बर्फामुळे बंद असते, तेव्हा आता वसंतापर्यंत विषय नाही. पुढच्या मेचं बुकिंग मात्र ऑगस्टअखेरच करून ठेवलंय, तीन रात्री, मंगळवारपासून. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मेमध्ये पाणी असतं ना? मग फोटो पाठव. आणि तो कठडा पण येऊ दे त्यात."

तंबू तोच आहे. दोऱ्या नव्या घेतल्यात.