‘बीमा भरोसा’: विमा नियामकाच्या तक्रारसेवेचा सोलापुरातून घेतलेला अनुभव

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार संकेतस्थळाबद्दल माझे मत एकंदरीत चांगले आहे, मात्र ते सरसकट नाही. कंपनीने कोणता नियम मोडला हे तक्रारदाराला नेमके सांगता आले, तर ही सेवा कामाला येते. नुसतेच ‘अन्याय झाला’ एवढे लिहिले, तर ती टपालपेटीपलीकडे फारसे काही करत नाही.

माझ्या आईच्या गुडघ्याचे सांधारोपण सात रस्ता परिसरातील एका रुग्णालयात झाले. तिच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 4,000 रुपये होती आणि आम्ही घेतलेली खोली 6,000 रुपयांची होती. खासगी विमा कंपनीने त्या प्रमाणात अख्ख्या बिलातून एक तृतीयांश रक्कम कापली. त्यात कृत्रिम सांधा, औषधे आणि रक्ततपासण्याही आल्या. खोली महाग घेतली म्हणून सांध्याची किंमत वाढत नाही, हे उघड आहे, आणि प्राधिकरणानेही पॉलिसीतील अटी-कलमे सर्व कंपन्यांसाठी एकसारखी करणाऱ्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत तेच स्पष्ट केले आहे: औषधे, शरीरात बसवलेली उपकरणे, तपासण्या आणि अतिदक्षता विभागाचा खर्च यांना ही प्रमाणशीर कपात लागू होत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडून गुळमुळीत उत्तर आल्यावर मी याच सूचनेचा हवाला देऊन संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. ही तक्रार फिरून त्याच कंपनीकडे जाते, फक्त आता ती नियामकाच्या डोळ्यांदेखत असते आणि उत्तरासाठी 14 दिवसांची मुदत असते. मुदतीत उत्तर आले, सांधा व औषधांची कापलेली रक्कम परत मिळाली. शल्यचिकित्सकाच्या व शुश्रूषेच्या शुल्कावरील कपात कायम राहिली. ती नियमात बसत असल्याने त्याबद्दल माझी तक्रार नाही.

हा नियम करण्याची वेळ का आली, हे पाहण्यासारखे आहे. 1956 मध्ये आयुर्विम्याचे आणि 1973 पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. विमा क्षेत्रातील सुधारणांवरील मल्होत्रा समितीच्या 1994 च्या अहवालानंतर 1999 चा विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा आला आणि 2000 मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडले. आत येणाऱ्याकडे किमान 100 कोटी रुपयांचे भांडवल हवे आणि पुढेही देणी भागवण्याची क्षमता नियमाने ठरवलेल्या गरजेच्या 150 टक्क्यांच्या खाली जाऊ नये, या अटींमुळे कंपनी बुडण्याची भीती बरीच कमी झाली. 2007 पासून आगविम्यासह बहुतेक सर्वसाधारण विम्याचे, सर्व कंपन्यांना सक्तीचे असलेले ठरावीक दर उठले. आपल्या एमआयडीसीतील यंत्रमाग कारखानदारांना त्यानंतर हप्त्यावर घासाघीस करता येऊ लागली. पण दर मोकळे झाले की स्पर्धा बारीक अक्षरांत शिरते, आणि आरोग्य विम्यात नेमके तेच झाले. म्हणूनच नियामकाला शब्दांची व्याख्या हाती घ्यावी लागली.

उणीव अशी की संकेतस्थळ वादाचा निवाडा करत नाही. तो हवा असेल तर पुण्यातील विमा लोकपालाकडे जावे लागते; तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि 50 लाख रुपयांपर्यंतची भरपाई मंजूर होऊ शकते. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो, हे मात्र एजंट सहसा सांगत नाहीत.

ते आणखी एक गोष्ट सांगत नाहीत. 2024 पासून प्रत्येक आरोग्य पॉलिसीसोबत सोप्या शब्दांतील ग्राहक माहितीपत्रक देणे बंधनकारक आहे आणि मागितल्यास ते स्थानिक भाषेत मिळते. मागितल्याशिवाय इंग्रजीच हातात पडते. सोलापूरच्या पूर्व भागातील एखाद्या विणकर कुटुंबाला, जिथे घरात तेलुगू आणि बाजारात मराठी चालते, त्या इंग्रजी कागदाचा काय उपयोग? प्राधिकरणाचे मुख्यालय हैदराबादेत आहे, तेव्हा ही अडचण त्याला समजावून सांगावी लागू नये. नवी पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. त्या मुदतीत माहितीपत्रक मराठीत मागवून खोलीभाड्याची ओळ आधी वाचावी, आणि रुग्णालय खोलीच्या वर्गानुसार वेगळे दर लावते का हेही विचारून घ्यावे, कारण तसे वेगळे दर नसतील तर प्रमाणशीर कपात करताच येत नाही.