रात्रभर झोपणारे बाळ आणि दूध काढण्याचा विजेवरील पंप : नागपुरात वापरून पाहिल्यानंतर

दोन्ही बाजूंचे दूध एकाच वेळी काढणाऱ्या विजेवरील पंपाची परीक्षणे बहुतेक वेळा नोकरीवर परतणाऱ्या आईच्या दृष्टीने लिहिलेली असतात. माझी गरज वेगळी होती. बाळ तिसऱ्या महिन्यात असतानाच रात्री दहाला झोपून पहाटे पाचपर्यंत उठेनासे झाले, घरातल्या सर्वांनी त्याचे कौतुक केले, आणि मला मात्र एवढ्या मोठ्या खंडामुळे दूध आटेल की काय, ही काळजी लागली. तेवढ्याच कामासाठी धंतोलीतील एका सर्जिकल साहित्याच्या दुकानातून मी मध्यम किमतीचा पंप घेतला आणि येथे तो त्याच एका निकषावर तपासला आहे. निष्कर्ष आधीच सांगते : यंत्र चांगले आहे, दुकान त्याहून चांगले आहे, आणि यंत्रासोबत येणारी पुस्तिका कपाटात ठेवून देण्याच्या योग्यतेची आहे.

पंप घेण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन बाळाचे वजन करून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत घटलेले वजन साधारणपणे दोन आठवड्यांत भरून निघते; तोवर बाळ कितीही शांत झोपलेले असले तरी त्याला उठवून पाजावे लागते, कारण नवजात बाळाला चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजणे अपेक्षित असते. वजन नीट वाढत असेल, दिवसाला सहा किंवा अधिक लंगोट चांगले ओले होत असतील आणि जागेपणी बाळ तरतरीत असेल, तर आमच्या डॉक्टरांच्या मते त्याला रात्री उठवण्याचे कारण नव्हते. वजन मंदावलेले असताना बाळ रात्रभर झोपत असेल, तर मात्र ते कौतुकाचे लक्षण नाही आणि तेथे पंपाआधी डॉक्टरांचा सल्ला हवा.

आता प्रश्न आईचा. दूध तयार होण्याचे गणित मुख्यतः स्तन किती वेळा आणि किती रिकामे होतात यावर चालते. बाळ चोखू लागले की प्रोलॅक्टिन हे दूध तयार करवणारे संप्रेरक स्रवते आणि त्याची पातळी रात्री, विशेषतः पहाटेच्या सुमारास, दिवसापेक्षा जास्त असते. त्यामुळे रात्रीच्या पाजण्याला महत्त्व आहे. दुसरीकडे, स्तन भरलेले राहिले की दूध तयार होण्याचा वेग आपोआप मंदावतो आणि हे अनेक दिवस होत राहिले तर एकूण दूधच कमी होऊ शकते. यात प्रत्येकीची साठवणक्षमता वेगळी असते आणि बाहेरून दिसणाऱ्या आकारावरून ती ओळखता येत नाही. जिची क्षमता मोठी, तिला सहा-सात तासांचा खंड सहज पचतो. जिची लहान, तिला तोच खंड काही आठवड्यांत जाणवू लागतो. म्हणजे हा पंप प्रत्येक आईला लागेलच असे नाही आणि दुकानदाराने हे मला स्वतःहून सांगितले, याचे मला आजही आश्चर्य वाटते. शिवाय सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान पुरवठा बाळाच्या मागणीशी जुळत जातो आणि स्तन पूर्वीसारखे ताठ न राहता मऊ लागतात. दूध कमी झाले असे समजून पंप विकत घेणाऱ्यांपैकी कित्येकींच्या बाबतीत प्रत्यक्षात एवढेच घडलेले असते.

यंत्राविषयी. त्यात दोन मोड आहेत : पहिला जलद आणि हलक्या ओढीचा, पान्हा फुटण्यासाठी; दुसरा संथ आणि खोल ओढीचा, दूध काढण्यासाठी. पान्हा फुटला की दुसऱ्यावर जायचे आणि धार मंदावली की पुन्हा पहिल्यावर येऊन दुसरा पान्हा येतो का, ते पाहायचे. हे बदलणे एका बटणावर होते, अंधारातही जमते. ओढीचा जोर वाढवला म्हणजे दूध जास्त येते, हा समज चुकीचा आहे; दुखू लागले की पान्हाच अडतो, म्हणून सोसेल त्यापेक्षा एक पायरी खालीच ठेवावे. आवाज काहीसा घरघरीचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे रात्रभर कूलर चालतो, त्या आवाजात पंपाचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही. थंडीत मात्र शेजारच्या खोलीतून सासूबाईंनी विचारणा केली होती. बॅटरी आहे, त्यामुळे वीज गेली तरी अडत नाही.

सर्वांत महत्त्वाचा भाग आहे फ्लँज, म्हणजे स्तनावर बसणारे नरसाळे. पेटीत 24 मिलिमीटरचे एकच माप येते आणि अनेकींना ते मोठे होते. स्तनाग्राचा व्यास मोजून त्यात एक-दोन मिलिमीटर मिळवले की साधारण योग्य माप मिळते. फ्लँज मोठे असेल तर स्तनाग्राभोवतीचा गडद भागही नळीत ओढला जातो, सूज येते आणि दूध कमी निघते; लहान असेल तर घासते. दुकानातील ताईंनी मापाची कागदी पट्टी देऊन पडद्यामागे मोजायला सांगितले आणि फ्लँजचे माप लहान करण्यासाठी त्याच्या आत बसणारा 19 मिलिमीटरचा सिलिकॉनचा तुकडा वेगळा काढून दिला. एवढ्या एका बदलाने त्याच यंत्रातून निघणारे दूध स्पष्टपणे वाढले. कंपनीने ही मापे पेटीतच द्यायला हवी होती.

पुस्तिकेबद्दलची माझी तक्रार अशी की ती दर दोन तासांनी आणि रात्रीही गजर लावून पंप करायला सांगते. अंगावर पूर्ण पिणाऱ्या बाळाच्या आईने हे केले तर शरीराला जुळ्यांसाठी दूध बनवण्याचा संदेश जातो, दूध तुंबते, गाठी होतात आणि स्तनदाहाची, म्हणजे स्तनाला दुखरी सूज येण्याची, शक्यता वाढते. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्तनदाहाच्या वेळीही स्तन पूर्ण रिकामा करण्याच्या हट्टाने पंप करू नये आणि सूज उतरवण्यासाठी थंड शेक घ्यावा, असे सांगितले आहे. आपल्याकडे अजून गरम शेक आणि जोरात चोळणे हाच उपाय सुचवला जातो.

मी पंप वापरला तो एवढाच : बाळ दहाला झोपल्यावर, स्वतः झोपण्याआधी अकराच्या सुमारास दहा-पंधरा मिनिटे. मध्यरात्री ठणका लागून जाग आली तर ताण उतरेल इतकेच दूध हाताने काढायचे, पूर्ण रिकामे करायचे नाही. पहाटे पाचला आधी बाळाला पाजायचे आणि ते एकाच बाजूला पिऊन झोपले तर दुसऱ्या बाजूला पंप लावायचा. दिवसा पाजण्याचे अंतर कमी केले, कारण रात्री न प्यायलेले दूध बाळ दिवसा भरून काढते. यंत्र नको असलेल्यांसाठी एक बिनखर्चाचा मार्गही आहे : रात्री साडेदहा-अकराला बाळाला पूर्ण जागे न करता उचलून अंगावर घ्यावे, बरीच बाळे झोपेतच पितात. आमचे बाळ तोंडच उघडत नसे, म्हणून पंप.

बाटलीवरच्या मिलिलिटरच्या रेषांकडे पाहून दुधाचा अंदाज बांधू नये. पूर्ण अंगावर पाजणाऱ्या आईला दोन पाजण्यांच्या मधल्या वेळात दोन्ही बाजू मिळून 15 ते 60 मिलिलिटर मिळणे सामान्य आहे. एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवसाला सरासरी 750 ते 800 मिलिलिटर पिते, पण ते ओढून घेण्यात बाळाची हातोटी यंत्रापेक्षा सरस असते.

साठवणुकीच्या बाबतीत नागपूरचा विचार वेगळा करावा लागतो. काढलेले दूध खोलीत चार तास राहते, हा नियम 25 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी आहे. पारा 45 च्या आसपास असताना कूलर लावलेल्या खोलीतही तो लागू धरू नये. दूध लगेच फ्रीजच्या आतल्या बाजूला ठेवावे, दारात नाही. तेथे ते चार दिवस टिकते, डीप फ्रीजरमध्ये सहा महिने. बाटलीवर तारखेसोबत वेळही लिहावी, कारण रात्रीच्या दुधात मेलाटोनिन हे झोपेशी संबंधित संप्रेरक असते, दिवसाच्या दुधात ते जवळपास नसते. रात्रीचे दूध रात्रीच देणे बरे.

पुस्तिकेने सांगायला हवी होती आणि सांगितली नाही अशी एक गोष्ट आहे. पाळी सुरू झालेली नाही आणि बाळ अंगावर पिते, म्हणून दिवस राहणार नाहीत, यावर अनेक जोडपी विसंबतात. हा आधार बाळ सहा महिन्यांच्या आतील असेल, पाळी आलेली नसेल आणि पाजण्यातील अंतर दिवसा चार व रात्री सहा तासांपेक्षा जास्त नसेल तरच धरता येतो. बाळ सात तास झोपू लागले की तो सुटला असे समजावे. मधे पंप लावल्याने तो तितक्याच खात्रीने परत मिळत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना त्याच आठवड्यात विचारावे.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी कल्प हे सर्व आमच्या घरी झाले आणि मी ते आवडीने खाल्ले. बाळंतिणीच्या पोटाला त्याचा आधार असतो, पण रिकामे न होणाऱ्या स्तनात लाडवाने दूध वाढत नाही. दुकानात दूध वाढवणाऱ्या पावडरींचे डबे होते. ते घेण्याचा आग्रह कोणी केला नाही, हे मला विशेष आवडले.

किंमत साडेचार हजारांच्या आसपास पडली, आतला तुकडा वेगळा. ओढ टिकवून धरणाऱ्या पांढऱ्या सिलिकॉनच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, काही महिन्यांत सैल पडतात आणि ओढ कमी होते. यंत्र बिघडले असे समजण्याआधी ते बदलून पाहावेत, याच दुकानात सुटे मिळतात. पुढच्या महिन्यात बाळंत होणाऱ्या माझ्या जावेने माझाच पंप मागितला होता. हा पंप एकाच व्यक्तीच्या वापरासाठी बनवलेला आहे, त्यामुळे तो न देता मी तिला दुकानातील भाड्याच्या पंपाविषयी सांगितले. तो अनेकींनी वापरण्याच्या दृष्टीने बनवलेला असतो आणि नळ्या, फ्लँज, बाटल्या प्रत्येकीला नव्या घ्याव्या लागतात. तिचे बाळ रात्री झोपणारे निघाले तरच तो आणायचा, असे आमचे ठरले आहे.